तिसरा गडी

मे महिन्याच्या सुट्टीत नीरेकाठच्या सांगवीतल्या एखाद्या घरी देवघेवीचा आणि बांधणीचा पटखेळ मांडला जातो आणि तासाभरात मोडतो, तेव्हा त्याचा ठपका मुलांच्या चंचलतेवर, मोबाइलवर किंवा सरसकट काळावर ठेवून मोठी माणसे मोकळी होतात. खोक्याच्या कडेला बारीक अक्षरांत छापलेला ‘खेळाडू ३ ते ४’ हा मजकूर कोणी वाचलेला नसतो, आणि वाचला तरी विक्रेत्याची शिफारस समजून सोडून दिलेला असतो. ज्या खेळात एकाने मागायचे, दुसऱ्याने नाकारायचे, मग पहिल्याने तिसऱ्याकडे वळायचे आणि या वळण्याच्या शक्यतेमुळेच दुसऱ्याने आपला नकार मवाळ करायचा, त्या खेळात पटाभोवती किती जण बसले आहेत हाच पहिला नियम असतो; बाकीचे सारे नियम त्याच्या आधाराने उभे राहतात. हा नियम जर्मन किंवा अमेरिकन खेळकारांनी शोधला असे मानण्याचे कारण नाही. इंदापूर-बारामतीच्या मातीने तो गेल्या दोनशे वर्षांत एकाहून अधिक वेळा, आणि खेळापेक्षा फार महाग किंमत मोजून, शिकलेला आणि विसरलेला आहे.

आपल्या जुन्या खेळांना ही जाण होती. सारीपाटावर रंग चार असले तरी कौरवांच्या द्यूतसभेत पण लागला तो दोन पक्षांतच. आणि जेथे दोनच पक्ष असतात तेथे एकाचे मिळवणे आणि दुसऱ्याचे गमावणे ही एकाच घटनेची दोन नावे होत असल्याने पण लावता येतो, सौदा करता येत नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दुसऱ्या वळणाची: दहा अवतारांची प्रत्येकी बारा अशी १२० पाने, तिघांत चाळीस-चाळीस वाटली जाणारी, त्यामुळे कोणत्याही दोघांतल्या चढाओढीवर तिसऱ्याची नजर असणारी. गंजिफा मूठभर घरांपुरती उरली, पण तिची संख्याबुद्धी इंग्रजी पत्त्यांच्या खेळांत खेडोपाडी पोचली. दोघेच असतील तर सात-आठ, तिघे जमले तर पाच-तीन-दोन, चौघे झाले तर भिडू समोरासमोर बसवून मेंढीकोट, आणि माणसे ओसरीत मावेनाशी झाली की झब्बू किंवा गुलामचोर. आधी माणसे मोजायची आणि मग खेळ ठरवायचा, हा क्रम इतका अंगवळणी पडला होता की त्याला कोणी नियम म्हटले नाही.

पाच-तीन-दोनपाशी थोडे थांबायला हवे, कारण मराठी घरांतला कर्जाचा तो सर्वांत शहाणा खेळ आहे. सात-आठला लागतात तीच तीस पाने, तिघांना दहा-दहा. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. नेमून दिल्यापेक्षा ज्याचे हात जास्त झाले तो पुढच्या डावात, ज्याचे कमी पडले त्याच्याकडून तितकी पाने न पाहता ओढतो आणि बदल्यात आपल्याकडची नकोशी पाने त्याच्या पदरात टाकतो. ही उघड सावकारी आहे. गरजूच्या हातून एक्का जातो आणि अठ्ठी येते. तरीही डाव कुणाला कायमचा बुडवत नाही, कारण पाच, तीन आणि दोन ही ओझी दर डावाला फिरतात. सात-आठमध्येही पाने ओढली जातात, परंतु तेथे एकाचे जितके वाढले तितके दुसऱ्याचे घटलेलेच असते, ओढणारा कोण आणि कोणाकडून हा प्रश्नच उरत नाही. तिघांत मात्र एकाच्या वाढलेल्या हातांचा भार कधी एकावर पडतो, कधी दोघांत वाटला जातो, आणि आपल्या बचावासाठी कोणाला तोट्यात लोटायचे ही निवड खेळाच्या गाभ्याशी येऊन बसते. एका माणसाच्या फरकाने हिशेबाच्या खेळाचे राजकारण होते.

गावगाड्यात माणसे भरपूर होती. बारा बलुतेदार आणि कुणबी यांच्यात वर्षभर देवघेव चाले, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या आपल्या ‘गावगाडा’त त्या व्यवहाराचा पट तपशिलाने मांडला आहे. पण कोणी कोणते काम करायचे आणि खळ्यावर कोणाला किती मिळायचे, हे वतनाने आणि जातीने ठरलेले. गावच्या सुताराच्या हक्कावर दुसऱ्या सुताराने यायचे नाही आणि कुणब्याने बाहेरच्याला बोलवायचे नाही. व्यवस्था स्थिर होती, आणि तळच्या जागा ज्यांच्या वाट्याला जन्माने आल्या त्यांच्यासाठी ती क्रूरही होती. तिच्या स्वयंपूर्णतेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हवे की त्या पटाभोवती डझनभर जण दिसत असले तरी मागणारा एक आणि देणारा एक अशा त्या डझनभर सुट्या जोड्या होत्या. संख्येचा उपयोग निवडीसाठी होतो. निवड नसेल तर बाराही दोनच.

इंग्रजी अंमलाने हे दोनपण उघडे केले. हेलिबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकून आलेल्या आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने १८३० च्या आसपास पुणे जिल्ह्यात जी जमीनमोजणी आणि आकारणी केली, तिच्यामागे रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत होता: उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि जे निव्वळ उरेल त्याचे शेकडा ५५ सरकारने घ्यायचे. कागदावर हा हिशेब निर्दोष होता. जमिनीवर मोजणी चुकली, खालच्या कामगारांचे हात ओले झाले, भाव पडले, आकार जड झाला आणि इंदापूर तालुक्यात शेते ओस पडू लागली. रयतवारीने गावाच्या सामूहिक जबाबदारीला बाजूला सारून सरकार आणि रयत यांना समोरासमोर बसवले होते, आणि दोघांच्या पटावर नाराज खेळाडूला एकच चाल उरते, उठून जाण्याची. कुळांनी ती चाल खेळली. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांना याच इंदापुरात नवी, हलकी आकारणी तीस वर्षांच्या मुदतीने बांधून द्यावी लागली, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाची जी घडी बसली तिची सुरुवात या तालुक्यातून झाली. जगातल्या एका महत्त्वाच्या आर्थिक सिद्धांताची फजिती आपल्या शेजारच्या शिवारात व्हावी, याची आठवण इंदापुरात फारशी कोणी काढत नाही.

मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापूरचा सारा पुन्हा वाढला, तेव्हा पटावर सावकार हा तिसरा गडी आलेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाला सोन्याचे मोल आले आणि कर्ज देणाऱ्यांची रांग लागली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि हात आखडता घेतला गेला. गहाणखत एका सावकाराच्या पेटीत पडल्यावर दुसरा सावकार दारात उभा करावा असे कुणब्यापाशी काही उरत नसे, आणि १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून देणे भाग पडे. संख्या पुन्हा दोनवर आली होती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. पाणी भरणारा, हजामत करणारा, शेत कसणारा कोणीही त्याच्याकडे जाईना. आजचे पटखेळ खेळणारी पोरे आघाडीवरच्या खेळाडूला ‘याच्याशी कोणी बदली करायची नाही’ म्हणून वाळीत टाकतात तीच ही चाल, आणि तिचे मर्मही तेच: सगळे एक असतील तोवरच ती चालते. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी गर्दी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर तुटून पडली आणि कर्जरोख्यांची होळी झाली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. चौकशीसाठी दख्खन दंगे आयोग नेमला गेला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला; त्या कायद्याने न्यायाधीशाला खतामागच्या व्यवहारात डोकावण्याचा अधिकार दिला, म्हणजे दोघांच्या पटावर कायद्याने तिसरा माणूस आणून बसवला.

माणसे थोडी पडली की काय होते ते सुप्याने दाखवले. फार झाली की काय होते ते पाण्याने दाखवले. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या दुष्काळी पट्ट्यात ऊस उभा राहू लागला. पाणी सर्वांना हवे आणि कालवा एक, म्हणून शेजपाळी आली. एकाचे भिजून झाले की दुसऱ्याचे दार उघडायचे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली, ठरावीक क्षेत्राला ठरावीक पाणी आणि त्यातही उसाला तिसरा हिस्साच, ती नेमकी या भागीदारांच्या गर्दीला शिस्त लावण्यासाठी. पाळीची वाट पाहणाऱ्याची स्थिती विचित्र असते: त्याच्याशी कोणी भांडत नाही, त्याला कोणी लुबाडत नाही, तो फक्त बसून राहतो, आणि तोवर त्याचे पीक उन्हात असते. कालव्यावर भागीदार कमी असावेत आणि बाजारात गिऱ्हाइके जास्त असावीत, ही बागायतदाराची दुहेरी इच्छा त्या काळापासूनची आहे, आणि बांधणी व सौदा या दोन्ही गोष्टी एकाच पटावर आणणाऱ्या खेळांचे सारे दुखणे या एका इच्छेत सामावलेले आहे. बांधायला जागा हवी आणि पाळी लवकर यायला हवी, म्हणून माणसे कमी हवीत; सौद्याला पर्याय हवेत, म्हणून माणसे जास्त हवीत. कोणत्याही खेळाची ‘योग्य संख्या’ म्हणजे या दोन मागण्यांतली तडजोड.

दिलाशाचा कायदा झाला त्याच १८७९ मध्ये अमेरिकेत हेन्री जॉर्जचे ‘प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी’ प्रसिद्ध झाले. प्रिंगलने इंदापुरात सरकारच्या बाजूने वापरलेला रिकार्डोचा सिद्धांत जॉर्जने भूमिहीनाच्या बाजूने वाचला: जमिनीचा खंड समाजाच्या वाढीमुळे निर्माण होतो, तेव्हा कर एकच असावा आणि तो जमिनीच्या किमतीवर असावा. एलिझाबेथ मॅगी या त्याच्या अनुयायी बाईंनी हा विचार लोकांच्या गळी उतरवण्यासाठी एक पट आखला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ‘लँडलॉर्ड्स गेम’चे पेटंट मिळवले. पुढे त्याला दोन नियमावल्या आल्या, एकीत मक्तेदार सर्वांना गिळतो, दुसरीत वाढीचा लाभ सर्वांना मिळतो. लोकांनी पहिलीच उचलली. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सनी चार्ल्स डॅरोकडून ‘मोनोपॉली’ घेतला, आणि मॅगीबाईंना त्यांच्या पेटंटपोटी ५०० डॉलर मिळाले. इंदापूरचा १८३० चा शेतसारा आणि आपल्या घरातला व्यापाराचा पट यांचा पूर्वज अशा रीतीने एकच आहे.

मोनोपॉलीचा दोष म्हणून जे सांगितले जाते ते मॅगीबाईंचे प्रमेय होते. दोन ते आठ जणांचा हा खेळ सहा जणांनी सुरू केला तर पहिला तास रंगतो, कारण जागा विखुरलेल्या असतात, प्रत्येकाला दुसऱ्याकडचे काहीतरी हवे असते आणि देवघेवीला जोर असतो. मग एकेक जण दिवाळे काढून उठतो आणि जसजशी संख्या घटते तसतसा सौदा आटतो, शेवटी दोघे उरतात तेव्हा मागायला आणि द्यायला काहीच नसते, फासे टाकायचे आणि खंड मोजायचा. एकाच डावात सहांपासून दोनपर्यंतचा सारा प्रवास घडवणारा दुसरा इतका प्रसिद्ध खेळ नाही, आणि म्हणून संख्येचा परिणाम अभ्यासायचा असेल तर त्यासारखी प्रयोगशाळाही नाही. उठलेल्यांच्या कंटाळ्याबद्दल बोलले जाते. उरलेल्या दोघांच्या कंटाळ्याबद्दल बोलले पाहिजे.

याच काळात विचारवंतांनीही दोन आणि तीन यांतली दरी मोजायला घेतली. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल याने १९०८ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की दोघांच्या नात्यात तिसरा शिरला की मध्यस्थ, दोघांच्या भांडणात लाभ उठवणारा आणि मुद्दाम फूट पाडणारा, अशा तीन नव्या भूमिका जन्मतात, आणि पुढे चौथा-पाचवा आल्याने तितका मोठा फरक पडत नाही. जॉन फॉन नॉयमन याने १९२८ मध्ये दोघांच्या शून्यबेरजेच्या खेळाचे गणित सोडवले. १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्नबरोबर लिहिलेल्या ग्रंथात तिघांकडे वळताच त्याला युती हा अगदी नवा प्रश्न हाताळावा लागला. दोघांत युती असूच शकत नाही. आणखी एक साधा हिशेब येथे उपयोगी पडतो: दोघांत जोडी एक, तिघांत तीन, चौघांत सहा, पाचांत दहा, सहांत पंधरा. माणसे दोनवरून तीनवर गेली की सौद्याच्या शक्यता तिप्पट होतात, आणि एकेकाच्या वाट्याचा वेळ निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर येतो. तीनवरून सहावर गेले की शक्यता पाचपट होतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला सहावा हिस्साच वेळ राहतो.

शेतमालाच्या व्यवहारात हा धडा आपल्याकडे कायद्याच्या भाषेत लिहिला गेला. अडत्याच्या दुकानात उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी हत्ता पद्धत होती, तिच्यात भोवती पन्नास माणसे उभी असली तरी व्यवहार दोघांचाच राही, कारण इतरांना बोली दिसत नसे. १९३९ चा मुंबईचा बाजार कायदा आणि त्यानंतरचा महाराष्ट्राचा १९६३ चा कायदा यांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो त्या पन्नासांना खेळात आणण्यासाठी. उसाचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण तोडलेला ऊस थांबत नाही आणि दूर नेता येत नाही. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा खाजगी कारखाना आला, १९५० पासूनच्या दोन दशकांत प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या पावलावर पाऊल टाकून माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने उभे राहिले, आणि सभासद स्वतःच मालक झाला. परंतु झोनबंदीच्या काळात त्या मालकाला दुसरे गिऱ्हाईक पाहण्याची सोय नव्हती. ही बंदी उठल्यानंतर आणि खाजगी कारखाने आल्यानंतर कोणाचा दर किती याची चर्चा सांगवीच्या पारावर सुरू झाली. दोन कारखान्यांतले हवाई अंतर २५ किलोमीटर असावे हा राज्याचा नियम आजही पटाभोवती किती खुर्च्या मांडायच्या हेच ठरवतो, आणि त्यावरचे वाद वाचताना हे संख्येचे जुने भांडण आहे याची आठवण ठेवली तर दोन्ही बाजू नीट समजतात.

घरातला पट या सगळ्याच्या मागोमाग चालला होता. देशी शहरांची नावे घालून छापलेला व्यापार, पुढे नवा व्यापार, मराठी घरांत आला तेव्हा सुट्टीला मामाच्या गावी आठ-दहा मुले सहज जमत. त्या गर्दीने आपले उपाय स्वतः शोधले. एक मोठा मुलगा बँक सांभाळी आणि खेळत नसे. दोन धाकटी भावंडे एका सोंगटीवर भागीदारीत बसत. आणि अगदी लहानग्याला कच्चे लिंबू म्हणून घेत, त्याने फासा टाकायचा, पैसे मोजायचे, पण त्याचे दिवाळे कोणी काढायचे नाही. माणसांची गर्दी सोसणारी ही घरगुती दुरुस्ती होती, आणि ती कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हती. माणसे कमी पडली तर काय करायचे याची दुरुस्ती मात्र आपल्यापाशी नव्हती, कारण ती वेळ क्वचित येई.

जर्मनीत १९९५ मध्ये क्लाउस टॉयबर या दंततंत्रज्ञाचा ‘कॅटान’ आला, त्या वर्षीचा जर्मनीचा मानाचा ‘श्पील देस यारेस’ पुरस्कार त्याला मिळाला, आणि देवघेव व बांधणी एकत्र आणणाऱ्या खेळांचे नवे युग सुरू झाले. एकोणीस षटकोनी शेतांचे बेट, त्यांचे चौपन्न कोपरे, लाकूड, वीट, लोकर, धान्य आणि खनिज अशी पाच द्रव्ये. कोणाच्याही फाशाने सर्वांच्या शेतांत पीक येते, त्यामुळे दुसऱ्याच्या पाळीतही आपले लक्ष पटावर राहते, आणि कोणी दिवाळे काढून उठत नाही. मोनोपॉलीतली गळती टॉयबरने बुजवली. मात्र संख्या त्याने कडक ठेवली: तिघे किंवा चौघे. दोघांसाठी हा पट त्याने आकसवला नाही. १९९६ मध्ये त्यांच्यासाठी निराळा पत्त्यांचा खेळ केला. दोघांत कॅटान मांडून पाहणाऱ्याला कारण लगेच कळते. समोरच्याला खनिज द्यायचे म्हणजे त्याचे शहर बांधून द्यायचे, आणि त्याच्या पुढे जाण्यात आपले मागे पडणे ठरलेले असल्याने शहाणा माणूस काहीच देत नाही. दोघेही चार द्रव्यांना एक या भावाने बँकेशी व्यवहार करीत बसतात.

तिघांत आणि चौघांत जो फरक पडतो तो अधिक सूक्ष्म आहे आणि खेळाडू त्यावर उगाच हुज्जत घालत नाहीत. तिघांत सुरुवातीची वस्ती सहा, चौघांत आठ; तिघांना रस्ते काढायला मोकळीक मिळते, पाळी लवकर येते, बांधणाऱ्याचे समाधान भरपूर. पण आघाडीवरच्याला उरलेल्या दोघांनी वाळीत टाकले की त्याचा बाजार संपला, कारण ती युती टिकवायला दोघांचेच एकमत लागते. चौघांत तिघांचे एकमत लागते आणि ते टिकत नाही. ज्याला विटेची नड आहे तो पुढच्याच पाळीत आघाडीवरच्याशी सौदा करतो, आणि कर्ड्याचा बहिष्कार टिकला त्यामागे गावाने केवढी एकी राखली असेल याचा अंदाज अशा वेळी येतो. चौघांत जागेची टंचाई असते, म्हणून रस्ता अडवला जाण्याची धास्ती असते, आणि धास्ती असते म्हणून सौदा करायची निकड असते. आमच्या मते तिघांचा कॅटान बांधकामाचा आहे, चौघांचा बाजाराचा. ज्याला ज्याची आवड त्याने ते घ्यावे, पण एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून करू नये.

पाच-सहांसाठीची जोडणीही १९९६ मध्येच आली. बेट तीस षटकोनांचे झाले, आणि पाळीची वाट पाहणाऱ्यांसाठी प्रत्येकाच्या पाळीनंतर इतरांनी बांधून घेण्याची खास सोय ठेवावी लागली. सोय बांधण्याची होती, आपसात देवघेवीची नव्हती. कारण उघड आहे: सहा जणांत फासे सहा वेळा पडून आपली पाळी येते, तोवर हातात सातांहून जास्त पाने साठतात आणि कोणाच्या तरी फाशावर सात पडले की निम्मी जातात. शेजपाळीच्या शेवटाला बसलेल्याचे हेच दुखणे होते, आणि उपायही तोच निघाला, भिजवण्याचे वेळापत्रक.

गर्दीवर खरा इलाज पाळी काढून टाकणे हा आहे, आणि तो जुनाच आहे. मॅगीबाईंचे पेटंट निघाले त्याच १९०४ मध्ये पार्कर ब्रदर्सनी शिकागोच्या धान्यबाजारावरून ‘पिट’ हा पत्त्यांचा खेळ काढला; त्यात सगळे एकाच वेळी ओरडून पाने बदलतात आणि माणसे वाढतील तशी मजा वाढते. फ्रान्सिस ट्रेशॅमच्या १९८० च्या ‘सिव्हिलायझेशन’मध्ये सात जण एकत्र सौदे करतात. ‘सेव्हन वंडर्स’ या २०१० च्या खेळात अंत्वान बोझाने आणखी हुशारी केली: सातही जण एकदम खेळतात, पण खरेदी फक्त उजव्या-डाव्या शेजाऱ्याकडूनच करायची. बांधाला बांध लागलेल्या दोघांशीच व्यवहार, म्हणजे पटाभोवती कितीही जण असोत, प्रत्येकाचा खेळ तिघांचाच. झिमेलला ही रचना आवडली असती.

आता आपल्या घरांकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. लाल त्रिकोणाच्या भिंतीवरच्या जाहिरातींनी जे सांगितले ते लोकांनी ऐकले, आणि त्यात बाईच्या आरोग्याचे आणि मुलांच्या शिक्षणाचे जे भले झाले त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु एका पिढीपूर्वी घरातच तिघे-चौघे मिळत होते, आज दोन सख्खी भावंडे मिळाली तरी पुरे. चुलतभाऊ पुण्याच्या उपनगरात, मावसबहीण कॉलेजच्या वसतिगृहात. शहरातून खोके मागवता येते, गडी मागवता येत नाहीत. रिकाम्या खुर्च्या भरायला मग यंत्र पुढे आले. नवी मुंबईतल्या कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी शिरला, याचे एक कारण असे की लुडोत सौदा नाही. फासा यंत्राने टाकला काय, अनोळखी माणसाने टाकला काय, सोंगटी तेवढीच पुढे जाते. देवघेवीच्या खेळांत यंत्राला तिसरा गडी करता येतो, पण त्याला कालचा नकार आठवत नाही, तो रुसत नाही, आणि आत्याने डोळे वटारले म्हणून वीट देत नाही. त्याच्याशी केलेला सौदा बँकेशी केलेल्या चारास एक सौद्याच्या जातीचा असतो, भाव किंचित बरा एवढेच.

घरात दोघेच असतील तर कॅटानचे खोके उघडून त्याच्या नियमांना मुरड घालण्यापेक्षा तीस पाने काढून सात-आठ खेळणे अधिक शहाणपणाचे, कारण तो दोघांसाठीच घडलेला आहे. शेजारचा एक गडी आला तर पाच-तीन-दोन होतो, कॅटानही होतो. दोघे आले तर कॅटान चांगला होतो. सहा-सात जमले तर पाळीचा कोणताही खेळ बाजूला ठेवून एकदम खेळायचे काहीतरी काढावे, किंवा दोन पट मांडावेत. आणि व्यापारच हवा असेल तर खोके माळ्यावर ठेवून दिवाळीपर्यंत थांबावे. तेव्हा पुण्याची मंडळी चार दिवस गावी असतात, बँकेवर बसायला एक मोठा मुलगा मिळतो, आणि कच्चे लिंबू म्हणून घ्यायला एखादे लहानगेही.